मावशीची सही

माझ्या धाकट्या बहिणीला घरीदारी सगळे बारकीच म्हणतात. आता ती चौतिशीची आहे, पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते, आणि तिने आवाज चढवला की रांगेतला शेवटचा माणूससुद्धा सरळ उभा राहतो. पण नाव पडलं ते पडलं. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि मी एकोणीस. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या बाईंची बोलणी मी खाल्ली, तिला सायकल शिकवताना गुडघे माझे फुटले.

मला स्वतःला मूल नाही. का नाही, ते सांगत बसत नाही. नवरा होता, त्याला जाऊनही सहा वर्षं झाली. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक काम करायचं. बोलायला कुणी नसतं आणि मला ते चालतं.

लग्नानंतर चार वर्षं बारकीला दिवस राहिले नव्हते. राहिले, आणि पहिली सोनोग्राफी झाली त्या दुपारी तिचा दुकानात फोन आला.

"ताई, बसली आहेस का?"

"उभी आहे."

"मग बस. दोन आहेत."

मी खरंच बसले. आणि काही विचार न करता तोंडातून निघून गेलं, "मग एक मला दे."

ती खळखळून हसली. "घे. धाकटं तुझं."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. आम्ही त्यांना लिफ्टवालेच म्हणतो. ते मागून ओरडले, "ताई, पार्सल घरपोच पाठवू की स्वतः येऊन न्याल?"

झालं. त्या दिवसापासून एक मोठं आणि एक धाकटं. सोनोग्राफीच्या कागदावर डॉक्टर एक नंबर, दोन नंबर लिहायचे. दोन नंबर माझं. पोटात ते डावीकडे होतं. बारकीकडे गेले की ती सोफ्यावर आडवी व्हायची आणि म्हणायची, "ये, तुझ्या बाजूला बस." मी डावीकडे बसायचे. लोकांना ती थट्टा वाटायची, मलाही वाटायची. पण दुकानातून घरी जाताना रस्त्यात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान लागायचं, त्यापुढून जाताना माझी चाल हळू व्हायची. हे मी कुणाला सांगितलं नाही.

जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोघांची वार, म्हणजे प्लासेंटा, एकच आहे, अशा जुळ्यांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं, मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे तिसऱ्या मजल्यावर जोखमीच्या बाळंतपणांचा वेगळा विभाग होता. लांब व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, प्रत्येकीच्या मांडीवर जाड फाईल. कुणाचा रक्तदाब, कुणाची साखर, एकीच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब. खालच्या मजल्यावर बायका एकमेकींना "कितवा महिना?" असं विचारत. इथे विचारत, "कितवा आठवडा?" आणि आकडा सांगितला की दुसरी मान हलवून म्हणायची, "चला, एक तर सरला." तिथे मुलगा की मुलगी ही भाषाच नव्हती.

त्या विभागाच्या मुख्य डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. पांढरे केस कापलेले, पायात कापडी बूट. पहिल्याच भेटीत त्यांनी बारकीला सांगितलं, "मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण सगळं एकदम सांगणारही नाही. जेव्हा जेवढं लागेल तेवढं. चालेल?"

बारकी म्हणाली, "चालेल."

दर पंधरा दिवसांनी आम्ही जात होतो. सतराव्या आठवड्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एकाएकी आठवडाभरात तिचं पोट असं वाढलं की चपलेत पाय घालायला वाकता येईना. पोटाची कातडी ताणून चकाकायला लागली. पाठीवर झोपलं की श्वास अडकायचा. शेजारणी म्हणाल्या, जुळं आहे, असंच असतं. बारकीने तारखेची वाट न बघता पोस्टातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि मला दुकानातून उचलून हॉस्पिटलात नेलं. ते तिला सुचलं म्हणूनच पुढचं काहीतरी करता आलं.

मोठ्या बाई पडद्याकडे बघत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नेहमी त्या बोलत. "हा बघ पाय, हा कणा." त्या दिवशी नुसती यंत्राची घरघर.

शेवटी त्यांनी बारकीच्या पोटावरचं जेल स्वतः पुसलं, तिला उठून बसवलं आणि कागद घेऊन चित्र काढलं. दोन गोल, मध्ये एक वार.

"दोघांच्या रक्ताचे रस्ते या वारेत एकमेकांत मिसळलेत," त्या म्हणाल्या. "एकाचं रक्त दुसऱ्याकडे चाललंय. ज्याच्याकडे जातंय त्याच्या हृदयावर ताण येतोय, त्याच्याभोवती पाणीच पाणी झालंय. म्हणून पोट एवढं. आणि ज्याच्याकडून जातंय त्याच्याभोवती पाणी जवळजवळ उरलंच नाही. पिशवी अंगाला चिकटलीय. ते भिंतीला दाबलं गेलंय, हलता येत नाही त्याला."

लिफ्टवाले कामावरून थेट आले होते, हाताला ग्रीस. त्यांनी विचारलं, "मध्ये झडप नाही का काही? एका बाजूने बंद करायची?"

कुणी दुसरं असतं तर हसलं असतं. मोठ्या बाई नाही हसल्या. "झडप नाही. पण ते जोडरस्ते बंद करता येतात. पोटातून बारीक दुर्बीण आत घालायची आणि लेझरने एकेक रस्ता जाळून बंद करायचा. काहीच केलं नाही, तर बहुतेक दोन्ही जातील. केलं, तर दहातल्या सहा-सात जणींची दोन्ही वाचतात. दोघी-तिघींचं एक वाचतं. एखादीचं एकही नाही."

बारकीने कागदावरच्या त्या दोन गोलांवर बोट ठेवलं. "देणारं कोणतं?"

"दोन नंबर."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. मी आपली फाईलमधले कागद सरळ करत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. तिला पूर्ण भूल दिली नव्हती, कमरेखालचा भाग तेवढा बधिर केला होता. ती पडद्यावर सगळं बघत होती. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, "ताई, आत सगळं नारिंगी आहे. सूर्याकडे तोंड करून डोळे मिटल्यावर दिसतं तसं. मोठ्याचा पाय दिसला. बोटं हलवत होतं. दुर्बिणीला लाथ मारली त्याने."

"आणि धाकटं?"

"ते दोघांच्या मधल्या पातळ पडद्याआड आहे ना. त्याची नुसती सावली दिसली. मोठ्या बाई म्हणाल्या, सगळे रस्ते बंद झालेत."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघांनी कॅन्टीनच्या ब्रेडचे तुकडे चहात बुडवून खाल्ले. लिफ्टवाले हॉस्पिटलच्या लिफ्टला नावं ठेवत होते. दोर ढिला आहे, दार उशिरा लागतं, मला एक तास द्या म्हणावं. बारकी हसली तर टाके दुखतात म्हणून पोट धरून हसत होती. आमचा जीव भांड्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत सोनोग्राफी. एक नंबरचं हृदय धडधडत होतं, पडद्यावर ती पांढरी उघडझाप मलाही आता ओळखू यायची. मग यंत्र डावीकडे सरकलं. तिथे थांबलं. मोठ्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"दोन नंबरचं हृदय थांबलंय," त्या म्हणाल्या.

"परत बघा," बारकी म्हणाली.

त्यांनी परत बघितलं. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मला माहीत आहे, तीन मिनिटं त्या एका जागी बघत राहिल्या. मग त्यांनी बारकीच्या पोटावर यंत्र नसलेला हात ठेवला आणि मान हलवली. "फार वाळलं होतं ते. त्याच्या वाट्याला वारेचा तुकडाही लहानसाच होता. मोठं ठीक आहे. रस्ते बंद असल्यामुळे त्याला याचा धक्का बसणार नाही."

बारकी छताकडे बघत होती. लिफ्टवाले दाराशी उभे होते, ते भिंतीकडे वळले. आणि मग बारकीने मान माझ्याकडे वळवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"तुझं गेलं, ताई."

मी तिथून कशी निघाले, जिना कसा उतरले, मला आठवत नाही. दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी तीन काचा फोडल्या. मालक चांगला माणूस आहे, त्याने विचारलं, "घरी काही झालंय का?" काय सांगणार? कुणाचं काय गेलं? बहिणीच्या पोटातलं, साडेचार महिन्यांचं, दोनातलं एक. त्याला रडायला माझं नातं काय लागत होतं? मी म्हटलं, "डोळ्यावर ताण आलाय."

बारा दिवस मी तिच्याकडे गेले नाही. फोन लिफ्टवाल्यांना करायचे, ती ठीक आहे एवढं ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. मला राग आला होता. एवढं वाईट बोलणं तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याकडे मी बघत नव्हते.

तेराव्या दिवशी लिफ्टवाले दुकानात आले. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन अक्षरांच्या पाटीसमोरच्या खुर्चीत बसले, जणू डोळेच तपासायला आलेत.

"ताई, ती तुम्हाला टोचायला नव्हती बोलली."

"मग कशाला बोलली?"

"ते मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर धाकट्याबद्दल ती कुणाशीच बोलत नाही. माझ्याशीही नाही. मी विषय काढला की म्हणते, ते ताईचं होतं, ताई आली की ताईशी बोलेन." त्यांनी चष्मा नसलेल्या डोळ्यांवरून हात फिरवला. "मलाही बोलायचंय हो कुणाशी तरी. पण आधी तुम्ही जा."

मी तशीच उठले. बारकी सोफ्यावर उजव्या कुशीला पडली होती. मला बघून तिने पाय आवरून घेतले आणि जागा केली.

"आलीस?"

"आले."

"मी त्या दिवशी जे बोलले..."

"राहू दे."

"राहू दे नाही. ऐक." ती उठून बसली. "मला वाटलं, माझं गेलं असं मी नुसतं म्हटलं ना, तरी जे आहे तेही जाईल. तेवढ्याला घाबरून तुझ्यावर ढकललं. तू लहानपणी माझी ओझी घ्यायचीस तसं."

मग तिनेच माझा हात ओढला आणि पोटावर डावीकडे ठेवला. "ते आहे अजून इथेच," ती म्हणाली. "मोठं हललं की ते पण थोडं हलतं. माझं मला कळतं."

आणि मग आम्ही दोघी रडलो. बऱ्याच दिवसांचं होतं, वेळ लागला.

त्यानंतर दर आठवड्याला मी तिच्याबरोबर जात होते. भेटेल तो म्हणायचा, "एक तरी आहे ना." मनात वाईट नसायचं कुणाच्या. पोस्टातल्या साहेबांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी तेच वाक्य कुठून उचललं कोण जाणे. बारकी "हो" म्हणायची. मोठ्या बाई मात्र ते कधी म्हणाल्या नाहीत. एक नंबरची सगळी मापं झाली की त्या यंत्र डावीकडे न्यायच्या. बाहेर पंधरा बायका बसलेल्या असायच्या, तरी थांबायच्या. "आणि हे इथे आहे," एवढंच म्हणायच्या. आठवड्यागणिक ते लहान होत चाललं होतं. पण त्या दाखवायच्या.

एकदा त्या सुट्टीवर होत्या आणि एका तरुण डॉक्टरांनी तपासलं. एक नंबर उत्तम आहे, वजन वाढतंय, म्हणत त्यांनी जेल पुसायला कागद पुढे केला. बारकी उठेना.

"दुसरं राहिलं," ती म्हणाली.

"त्यात आता बघण्यासारखं काही..." असं म्हणता म्हणता त्यांनी आमच्या दोघींच्या चेहऱ्याकडे बघितलं. लाजले बिचारे. परत यंत्र हातात घेतलं. त्यांना ते लवकर सापडेना, तर बारकीनेच सांगितलं, "अजून खाली. माझ्या कमरेकडे."

अठ्ठाविसाव्या आठवड्यात गर्भपिशवीचं तोंड उघडायला लागलं म्हणून तिला भरती करून घेतलं. शेजारच्या खाटेवर एक जाडजूड बाई होती, रक्तदाबाची. तिला आम्ही खिडकीवाली म्हणायचो, कारण वॉर्डातली एकुलती एक खिडकी तिने अडवली होती. सिस्टर दिवसातून सहा वेळा तिचं ब्लडप्रेशर बघायच्या आणि दर वेळी ती म्हणायची, "माझ्या सासूला एकदा लावून बघा तो पट्टा, फाटेल." सगळा वॉर्ड हसायचा. तिने एक दिवस बारकीला सरळ विचारलं, "काय गं, ते दुसरं आहे, त्याचं शेवटी काय करतात?" मी दचकले. पण बारकीचा चेहरा उजळला म्हटलं तरी चालेल. इतक्या दिवसांत ते कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "माहीत नाही हो. मलाही विचारायचंय." आणि दोघींनी मिळून मोठ्या बाईंना राउंडला विचारलं. त्यांनी सांगितलं, ते बरोबरच बाहेर येतं, इवलंसं, कागदासारखं झालेलं. बघायचं असेल तर बघता येतं. हॉस्पिटलच्या ताब्यात देता येतं, नाहीतर आपण नेऊ शकतो.

"मी नाही बघू शकणार," बारकी म्हणाली. मग थोड्या वेळाने, बाई पुढच्या खाटेकडे गेल्यावर, "ताई बघेल," म्हणाली. मला विचारलंही नाही.

एकतिसावा आठवडा संपायला दोन दिवस होते. सकाळी साडेनऊला नाश्त्याचा ट्रे पुढे असताना तिचं पाणी गेलं. खिडकीवालीने घंटा एवढी दाबली की दोन सिस्टर एकदम धावत आल्या. अकराच्या आत बारकी ऑपरेशनच्या टेबलावर होती. बाळ आडवं होतं, थांबण्यात अर्थ नव्हता.

आम्ही बाहेर उभे होतो. एक बारीकसा आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. लिफ्टवाल्यांनी माझा दंड धरला. दार उघडून काचेची पेटी बाहेर आली, भोवती तिघं जण, आत टोपी घातलेलं लाल काहीतरी. "मुलगी. एक किलो चारशे," कुणीतरी चालता चालता म्हणालं. लिफ्टवाले त्या पेटीमागे धावले. कुठलीही लिफ्ट आली की आधी मान वर करून दोर बघणारा माणूस, त्या दिवशी डोकं खाली घालून आत शिरला.

मी एकटी राहिले. थोड्या वेळाने मोठ्या बाई बाहेर आल्या. टोपीखाली कपाळावर घाम होता.

"बारकी ठीक आहे, टाके घालतायत. तुमच्यासाठी निरोप आहे तिचा. तुम्ही बघणार म्हणाली."

"हो."

"बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा सोपं जातं. पण नको वाटलं तर आत्ताही नाही म्हणा."

मी आत गेले. बाजूच्या छोट्या खोलीत टेबलावर पांढऱ्या कापडाची घडी होती. सिस्टरने ती उलगडली.

माझ्या तळहातात मावेल एवढं. चपटं झालेलं, पिंगट. पण माणूस होतं. डोकं, पाठीची रेघ, दुमडलेले गुडघे. एक हात वर, गालापाशी. माझा जन्म बारीक वस्तू बघण्यात गेला आहे, त्यामुळे असेल, मला भीती वाटली नाही. मी वाकून बघितलं. पायाची बोटं मोजली. एका पायाची पाचही दिसत होती, दुसऱ्याची नीट दिसत नव्हती. मी सिस्टरला विचारलं, "हात लावू?" त्या म्हणाल्या, लावा. एका बोटाने पाठीला हात लावला. नुसतं म्हणाले, "आले बघ मी."

मग सिस्टरने फॉर्म पुढे केला. ताबा घेणाऱ्याचं नाव, सही, नातं. मी नाव लिहिलं, सही केली, नात्याच्या रकान्यात 'मावशी' लिहिलं. सिस्टरने कागद बघितला. "आई नाहीतर वडील लागतील हो. मावशीची सही चालत नाही."

"वडील बाळाजवळ आहेत," मी म्हणाले. "आई टेबलावर आहे." सिस्टर काही वाईट नव्हत्या, नियम सांगत होत्या.

मोठ्या बाई दारात होत्या. त्यांनी येऊन तो कागद घेतला, वाचला, आणि खाली स्वतःची सही केली. "चालते," त्या म्हणाल्या. "वडिलांची नंतर घेऊ, पण ही राहू दे. हिचं कुणी आलं होतं, हे लिहिलेलं असू दे."

तोपर्यंत मी धरून होते. मोठ्या बाईंनी स्टूल पायाने पुढे ओढलं आणि मला बसवलं, आणि मी जोरात, लहान मुलासारखी रडले.

दुपारी बारकीला खोलीत आणलं. ओठ कोरडे पडले होते. तिने मोठ्या मुलीबद्दल आधी विचारलंच नाही.

"बघितलंस?"

"बघितलं."

"कसं होतं?"

"एवढंसं." मी तळहात दाखवला. "एक हात गालाला लावलेला."

"माझ्यासारखं?"

खोटं बोलता आलं असतं. "कळत नव्हतं गं," मी म्हणाले. तिने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाले आणि मी जाऊन धाकटीला पुरून आलो. गावाबाहेरच्या दफनभूमीत कडेला एक पट्टा लहानांसाठी ठेवलेला आहे, आखूडसे दगड, त्यांवर आकडे. लिफ्टवाल्यांनी माती स्वतः ओढली. परत येताना बसमध्ये ते पहिल्यांदा बोलले. वाटेत बोलतच राहिले. घरी जुळ्यांसाठी त्यांनी काय काय करायचं ठरवलं होतं ते सगळं. मी ऐकत होते.

बारकी मात्र वरच्या मजल्यावर, बाळाच्या खोलीत जाईना. दूध काढून द्यायची, दर तीन तासांनी, चुकवायची नाही. वाटी माझ्या हातात द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सिस्टर समजावून थकल्या. मी एकदा चिडले, "अगं, ती जिवंत आहे ना, तिने काय केलंय तुझं?"

भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "एकसारखी असतात ती, ताई. एकाच वारेची. तोच चेहरा. हिचा चेहरा बघितला की मला त्या दुसरीचाही चेहरा कळणार. अजून मला तो माहीत नाही. अजून ती नुसती सावली आहे."

मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्या आल्या, खाटेच्या कडेवर बसल्या. समजावलं वगैरे काही नाही. म्हणाल्या, "खरं आहे तुझं. कळणार. आणि दर वर्षी नव्याने कळत राहणार, ते मी थांबवू शकत नाही." मग म्हणाल्या, "मी वर चाललेच आहे. तू येतेस तर चाकाची खुर्ची मी ढकलते."

बारकी उठली. कशामुळे उठली, देव जाणे. काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून तिने हात आत घातला आणि बाळाच्या डोक्यावर ठेवला. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, एक डोळा उघडला. बारकीने ते बघितलं, आणि बघत राहिली. "दोघी अशा," ती इतकंच म्हणाली. पुढचे पाच आठवडे ती त्या पेटीजवळून हलली नाही.

दोन किलोची झाल्यावर पोरगी घरी आली. भूक लागली की आता सगळी चाळ गोळा करते, आवाज आईचा घेतलाय. लिफ्टवाले तिला खांद्यावर टाकून वर-खाली करतात आणि मजले मोजतात.

घरी आल्यावर महिन्याभराने बारकी म्हणाली, "मला तिकडे ने." आम्ही तिघी निघालो, बाळाला गुंडाळून घेतलं. दुपार टळत आली होती, ऊन उतरलं होतं. मी आकडा दाखवला. बारकी उभी राहिली. मला वाटलं रडेल, पण तेवढ्यात बाळच रडायला लागलं, आणि या पोरीला थांबणं माहीत नाही. बारकीने इकडेतिकडे बघितलं, बसायला काही नव्हतं. मग ती सरळ त्या पट्ट्याच्या दगडी काठावर बसली, पदर घेतला आणि तिला पाजायला लागली. थोड्या अंतरावर एक माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. त्याने आमच्याकडे बघितलं, नळ बंद केला आणि पाठ करून पलीकडे निघून गेला.

मी बारकीच्या शेजारी बसले. बाळ गटागटा पीत होतं, मध्येच श्वास घ्यायला थांबत होतं. बारकीने मोकळ्या हाताने दगडाजवळचं थोडं गवत उपटलं आणि बाजूला ठेवलं. पोट भरल्यावर बाळ झोपलं. तरी आम्ही जरा वेळ बसून राहिलो. मग साडेपाचची बस येते, ती चुकली तर तासभर नाही, म्हणून उठलो.